भावाला लिहिलेले पत्र : क्लिफर्ड बियर्स ह्यांचे चरित्र

ज्या गृहस्थांचे चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहो, त्यांचे नाव क्लिफर्ड व्हिटिंगहॅम बियर्स असे होते. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन नावाचे शहर आहे. तेथे त्यांचा जन्म ३० मार्च १८७६ रोजी झाला. मनोविकाराने पीडलेल्या माणसांस माणुसकीने वागवावे ह्यासाठी त्या देशात जी मोठी चळवळ उभी राहिली, तिचे जनक म्हणून त्यांचे नाव प्रसिद्ध आहे. त्या चळवळीविषयी आम्हांस थोडेच सांगावयाचे आहे. आमचे लक्ष वेधले आहे ते त्यांच्या घराकडे. मन बिघडले असता हा मनुष्य आपल्याच माणसांस कसा मुकला, ती त्यास पुन्हा कशी लाभली, आणि पुढे आपल्या दुखण्याविषयी आपल्याच भावाशी बोलावयास तो कसा शिकला, हीच हकीकत आम्ही विस्ताराने देणार आहो. कारण आमच्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरांत असा एखादा मुलगा, सून किंवा भाऊ असतो, की जो बरा होऊन परत आला आहे, आणि तरीही त्याच्याविषयी सगळे बोलतात, त्याच्याशी मात्र कोणी बोलत नाही.

बियर्स ह्यांचे कुटुंब मध्यम स्थितीतले होते. त्यांचे बालपण इतर मुलांसारखेच गेले. स्वभाव काहीसा लाजाळू होता, एवढेच. इ. स. १८९४ च्या उन्हाळ्यात, शाळेचा अभ्यास पुरा होतो न होतो तोच, त्यांच्या एका थोरल्या भावास झटके येऊ लागले. ते फेफरे आहे असे सर्वांनी धरले. भाऊ धडधाकट होता. तो असा डोळ्यांदेखत कोसळलेला पाहून अठरा वर्षांच्या क्लिफर्डच्या मनाने धास्ती घेतली, की आज ह्याची पाळी, उद्या आपली. ह्या भीतीला काही आधार नव्हता. त्या भावाचा आजार मेंदूतील गाठीचा होता, असे मागाहून ठरले. परंतु भीती आधार मागत नसते. ती सहा वर्षे त्यांच्या मनात घर करून राहिली.

ह्या सहा वर्षांत बाहेरून पाहणाऱ्यास त्यांचे सर्व काही सुरळीत दिसत होते. ते येल विद्यापीठातून १८९७ साली पदवीधर झाले. काही काळ न्यू हेवनच्या करवसुली कचेरीत कारकून होते, आणि पुढे न्यूयॉर्क येथे विम्याच्या एका कंपनीत लागले. तेथे १८९९ साली इन्फ्लुएंझाचा ताप येऊन गेल्यावर प्रकृती खालावली. पुढच्या वर्षी जून महिन्यात काम करणे अशक्य झाल्याने ते नोकरी टाकून आईबापांच्या घरी परत आले. घरी येऊन आठ दिवस झाले असतील नसतील. २३ जून १९०० रोजी, घरची मंडळी खालच्या मजल्यावर जेवावयास बसली असता, त्यांनी वरच्या खिडकीतून उडी टाकली. पायांची हाडे मोडली, पाठीस इजा झाली, पण जीव वाचला. आणि विशेष हे, की फेफऱ्याची जी भीती सहा वर्षे त्यांच्या मानगुटीस बसली होती, ती त्या क्षणापासून नाहीशी झाली. तिच्या जागी दुसरी आली, आणि ती पहिलीहून भयंकर होती.

त्यांस वाटू लागले की आपण आत्महत्येचा प्रयत्न केला तो गुन्हा होय, पोलीस आपल्यावर खटला भरणार आहेत, आणि आपल्याभोवती वावरणारा प्रत्येक मनुष्य गुप्त पोलीस आहे. इस्पितळाच्या खिडकीस गज दिसले, त्यांचा अर्थ त्यांनी तुरुंग असा केला. समोर आलेले अन्न खाल्ले तर ती गुन्ह्याची कबुली होईल असे वाटून ते पुष्कळदा ताट तसेच ठेवीत. वर्तमानपत्र हाती दिले तर ते आपल्याला फसविण्यासाठी मुद्दाम छापले आहे असे त्यांस वाटे.

परंतु ह्या सर्वांहून कठीण गोष्ट निराळीच होती. पायाची जखम भरत आल्यावर त्यांस घरी आणले, तेव्हा त्यांस आपले आईबाप व भाऊ ओळखू येईनात. म्हणजे चेहरे तेच दिसत, आवाज तेच ऐकू येत. पण कोठे तरी किंचित फरक आहे, ही आपली माणसे नव्हेत, त्यांच्यासारखी हुबेहूब सोंगे घेऊन पोलिसांची माणसे आली आहेत, अशी त्यांची खात्री झाली. खरी माणसे कोठे आहेत, जिवंत तरी आहेत की नाहीत, हे त्यांस कळेना. वैद्यांस हा प्रकार चांगला परिचित आहे, आणि असा भ्रम झालेला मनुष्य खोटे बोलत नसतो किंवा नाटक करीत नसतो. आई समोर बसली आहे आणि ती आई नाही असे ज्याला खरोखर वाटते, त्याने तिच्याशी मोकळेपणाने बोलावे तरी कसे?

बियर्स बोलेनासेच झाले. त्यांस प्रथम एका खासगी आरोग्यधामात ठेविले, मग काही महिने एका परिचारकाच्या घरी, आणि १९०१ च्या उन्हाळ्यापासून दुसऱ्या एका मोठ्या रुग्णालयात. ह्या संस्थांची नावे त्यांनी आपल्या पुस्तकात छापली नाहीत. तेव्हा आम्हीही देत नाही. भाऊ जॉर्ज नियमाने भेटीस येत. कायद्याने ह्या आजारी भावाचे पालकत्व त्यांच्याकडे होते, आणि ते त्यांनी मन लावून सांभाळिले. ते येऊन बसत, घरची हकीकत सांगत, काय हवे नको ते विचारीत; समोरून उत्तर येत नसे. ते उठून जात, आणि पुन्हा येत. असे दोन वर्षांहून अधिक काळ चालले. पहिल्या दिवसापासून मोजले तर ते सातशे अठ्ठ्याण्णव दिवस होतात.

ह्या मुक्या दिवसांविषयी बियर्स ह्यांनी पुढे जे लिहून ठेविले, त्यातील एक गोष्ट आमच्या उपदेशक बंधूंनी, व घरोघर फिरणाऱ्या बायबल बायांनी, लक्षात ठेवण्याजोगी आहे. ते बोलत नव्हते, पण ऐकत होते. कोणता परिचारक आपल्या अंगावर खेकसला, कोणी मायेने पांघरूण सरकविले, वैद्य व नातलग खोलीच्या दारात उभे राहून आपल्याविषयी काय बोलले, हे सारे त्यांच्या स्मरणात तंतोतंत राहिले, आणि वर्षे लोटल्यावर त्यांनी ते कागदावर उतरविले. आमच्याकडे आजारी माणूस गप्प बसला की त्यास काही कळत नाही असे धरून, तो मेंढराप्रमाणे कोपऱ्यात बसला असता, त्याच्यासमोरच त्याच्या लग्नाची, जमिनीच्या वाट्याची आणि त्याला कोठे नेऊन सोडावे ह्याची चर्चा चालते. हे आम्ही एकदा नव्हे, अनेक घरांत पाहिले आहे.

आता पत्राकडे वळू. इ. स. १९०२ च्या उन्हाळ्यात बियर्स ह्यांचे मन थोडे हलले. त्याच खात्यातील एका रुग्णाशी त्यांनी बोलावयास आरंभ केला. वैद्यांशी नाही, भावाशी नाही. आपल्यासारख्याच एका रुग्णाशी. तो आपल्याहून अधिक दुबळा नाही व अधिक बलवानही नाही, म्हणून त्याच्यापासून भय वाटले नसावे, असे आम्हांस वाटते. ह्या मित्रास गावात फिरून येण्याची मोकळीक होती. त्याने हरप्रकारे समजूत घातली, की तुम्हांस भेटावयास येतात ते तुमचे खरेच भाऊ आहेत. बियर्स ह्यांस ते पटेना. तेव्हा त्या मित्राने एक युक्ती केली. न्यू हेवन शहरातील रहिवाशांची नावे व पत्ते देणारे एक पुस्तक दर वर्षी छापले जात असे. ते पाहून त्याने सांगितले, की त्यात जॉर्ज बियर्स हे नाव व घराचा पत्ता नेहमीप्रमाणे आहे.

ह्यावर बियर्स ह्यांनी जो विचार केला तो पाहण्यासारखा आहे. त्यांचे म्हणणे असे, की ज्या घराचा पत्ता ह्या पुस्तकात आहे ते घर खरे असले पाहिजे, आणि त्यात राहणारा मनुष्यही खरा असला पाहिजे. त्या पत्त्यावर आपण पत्र धाडले, आणि ते रुग्णालयाच्या कोणाच्याही हाती न पडता परस्पर टपालात गेले, तर ते खऱ्या भावालाच मिळेल. मग भेटीस येणाऱ्या मनुष्याने तेच पत्र आणून दाखविले तर तो खरा. न दाखविले तर तो सोंगाड्या. ज्याचे मन बिघडले आहे असे सर्व जण समजत होते, त्याच मनाने ही कसोटी शोधून काढिली. तीत कोठेही वेडेपणा नाही. सावकाराचा दस्तऐवज तपासणारा मनुष्यही ह्याहून नीट विचार करील असे नाही.

२९ ऑगस्ट १९०२ रोजी त्यांनी ते पत्र लिहिले. सव्वीस महिन्यांत लिहिलेले हे पहिले पत्र. त्यात भावास सांगितले होते, की पुन्हा भेटीस येणे झाले तर हे पत्र ओळखपत्र म्हणून बरोबर आणावे, आणि ह्याविषयी कोणाजवळ बोलू नये. मित्राने ते गावात नेऊन टाकिले.

दुसऱ्याच दिवशी जॉर्ज आले. त्यांस आवारात पाहून बियर्स त्यांच्याकडे चालत गेले. मनात अजून संशय होता. फार तर एखादे चांगले रचलेले कपट पाहावयास मिळेल अशी तयारी ठेवून ते गेले होते. जॉर्जनी खिशात हात घातला आणि ते पत्र काढून पुढे केले. बियर्स ह्यांनी आपले अक्षर ओळखिले. दोन वर्षे ज्या संशयाच्या कोटात ते बंदिवान होते तो कोट तेव्हाच ढासळला. आपल्यासमोर उभा आहे तो आपला भाऊ आहे, घरी आईबाप आहेत, आणि आपण आजारी होतो, हे त्यांस एकाएकी कळून आले. मग ते बोलू लागले, आणि दोन वर्षांचे साठलेले सारे भावास सांगू लागले.

वाचकहो, ह्या प्रसंगी जॉर्जनी काय केले त्याहून काय केले नाही हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते. आजारी भावाकडून असे विलक्षण पत्र आले असता ते हसले नाहीत. आपणच आपली ओळख काय म्हणून पटवावी, आपण दोन वर्षे येरझारा घातल्या त्याचे हेच का फळ, असे म्हणून रुसले नाहीत. आजच सवड नाही, पुढच्या आठवड्यात पाहू, असेही म्हणाले नाहीत. आजाऱ्याने जशी कसोटी ठेविली होती तशीच त्यांनी ती दिली. पुष्कळदा घरचा मनुष्य जे मागतो ते आम्हांस क्षुल्लक किंवा विचित्र वाटते. मला भाकरी माझ्यासमोर थापून द्या, दार उघडे ठेवा, दवाखान्यात मला एकट्याने बोलू द्या, अशी त्याची मागणी असते. ती पुरी करावयास दोन आणे लागत नाहीत. पण आम्ही ती पुरी करीत नाही, कारण मागणारा वेडा आहे असे आम्ही आधीच ठरविलेले असते.

येथेच ही गोष्ट संपती तर ती गोड झाली असती, पण खरी झाली नसती. बियर्स ह्यांचा आजार दोन अंगांचा होता. खिन्नतेचे अंग सरले तसे दुसरे अंग उसळले. मन अतोनात उल्हसित झाले, झोप उडाली, रात्रंदिवस लिहिणे, चित्रे काढणे, मोठमोठे बेत करणे सुरू झाले. आता ते गप्प राहीनात. हक्काने मागत, नियमांवरून वैद्यांशी भांडत, आणि काही वेळा मुद्दाम नियम मोडून पाहत. हे त्यांनी स्वतःच कबूल केले आहे. त्याचे फळ फार कडू झाले. हात जखडून टाकणारा जाड कापडाचा सदरा त्यांच्या अंगात घालून तो इतका आवळीत, की वेदनांनी रात्र काढणे कठीण होई. भिंतींस गाद्या ठोकलेल्या कोठडीत त्यांस थंडीत ठेविले, मारही बसला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांस सरकारी रुग्णालयात हलविले. तेथेही हाच प्रकार घडला.

ह्या काळात घरच्या मंडळींची स्थितीही कठीण होती, आणि तीविषयी न्यायाने बोलले पाहिजे. रुग्णाने लिहिलेली पत्रे वैद्यांच्या हातून जात, आणि सर्वच पुढे जात असे नाही. घरच्यांस जे कळे ते बहुधा वैद्यांकडून. एकीकडे शहाणे, शिकलेले, पदवीधर वैद्य सांगत, की सर्व ठीक आहे. दुसरीकडे जो दोन वर्षे भ्रमात होता आणि आता बडबड थांबवीत नाही, असा भाऊ सांगतो की मला मारतात. विश्वास कोणावर ठेवावा? आमची खात्री आहे, की शंभरांतील नव्वद घरांनी वैद्यावर ठेविला असता. उल्हसित मन शंभर गोष्टी फुगवून सांगते हे खरे. पण म्हणून एकशेएकावी गोष्ट खोटी ठरत नाही. बियर्स हे पुढे समजले. आपण जितक्या मोठ्याने ओरडू तितके आपले म्हणणे कमी ऐकिले जाते, हे त्या कोठडीत त्यांस कळले. मग त्यांनी काय घडले, कोणत्या खात्यात घडले, कोणी केले, हे टिपून ठेवावयास आरंभ केला, आणि १९०३ साली राज्याच्या गव्हर्नरांस एक लांबलचक पत्र लिहून रुग्णांचे हाल त्यांच्या कानी घातले.

१० सप्टेंबर १९०३ रोजी त्यांची सुटका झाली. ते न्यूयॉर्कला परत जाऊन कामधंद्यास लागले. तीन वर्षे मनोरुग्णालयांत काढलेल्या मनुष्यास लोक कामावर घेतील की नाही ही धास्ती होती. पण त्यांस काम मिळाले, आणि ते त्यांनी चोख केले.

आता आम्ही त्यांच्या चरित्रातील त्या भागाकडे येतो, जो आमच्या मते पत्राच्या प्रसंगाहूनही थोर आहे, जरी तो थोडक्यांस ठाऊक आहे. १९०५ च्या आरंभी, आपल्या अनुभवांचे पुस्तक लिहावे आणि साऱ्या देशातील रुग्णालये सुधारावी, ह्या विचाराने त्यांचे मन भरून गेले. पाने भराभर लिहून होऊ लागली. भाषा वाहू लागली. झोप कमी झाली. जॉर्ज ह्यांच्या डोळ्यांस ते दिसले. आता भावाने काय करावे? अशा वेळी दोन वाटा नेहमी सोप्या असतात. एक, काही न बोलता बरे वाटण्याची वाट पाहणे. दुसरी, काही न सांगता वैद्यास बोलावून चार माणसांनी धरून नेणे. आमच्याकडे जत्रेला जावयाचे आहे किंवा मामाकडे जावयाचे आहे असे खोटे सांगून गाडीत घालतात, ती हीच. जॉर्जनी दोन्ही सोडून तिसरी धरिली. भावास समोर बसवून त्यांनी स्पष्ट सांगितले, की तुझे मन पुन्हा चढले आहे असे मला दिसते, आणि तू काही दिवस रुग्णालयात राहावेस असे मला वाटते.

बियर्स ह्यांस ते प्रथम रुचले नाही. ज्यास आपण आयुष्यातील उत्तम वेळ समजत आहो, त्यास भाऊ दुखणे म्हणतो, ह्याने कोणासही वाईट वाटेल. पण सांगणारा तो होता, की ज्याने पूर्वी एकदा हातात पत्र घेऊन आपली ओळख पटविली होती. बियर्स ह्यांनी विचार केला, आणि आपण होऊन जावयाचे कबूल केले. अर्जावर सही त्यांनी स्वतः केली. आणि कोठे गेले? जेथे पूर्वी ते बंदिवान होते, त्याच रुग्णालयात. ह्या खेपेस मात्र ते आपल्या इच्छेने आलेले मनुष्य होते. म्हणून त्यांस वागविलेही तसेच. लिहिण्याचे साहित्य त्यांच्यापाशी राहिले. सुमारे महिन्याने मन खाली उतरल्यावर ते बाहेर पडले आणि पुन्हा कामास लागले.

सक्तीने नेणे आणि आपण होऊन जाणे ह्यांत दाराचा उंबरठा तोच असतो. पण एकात मनुष्य बाहेर आल्यावर घरच्यांचे तोंड पाहू इच्छीत नाही, आणि दुसऱ्यात तो पुढच्या खेपेस, दुखणे अंगावर येऊ लागताच, स्वतःच भावाकडे येऊन सांगतो. बियर्स ह्यांस हे साधले, कारण मधल्या चांगल्या काळात दोघांमध्ये बोलणे चालू होते. दुखणे भरात असता कोणीही कोणास काही शिकवू शकत नाही. जे ठरवावयाचे ते बरे असतानाच ठरविले पाहिजे. आपल्याला पहिली खूण कोणती दिसते, झोप जाते की बोलणे वाढते. ती कोणी दाखवून दिलेली आपल्याला चालेल, बायकोने की भावाने. कोणते औषध मानवते. कोणत्या वागणुकीने आपण अधिक बिथरतो. ह्या गोष्टी ज्याच्या त्यानेच सांगावयाच्या असतात, आणि घरच्यांनी त्या मध्ये न बोलता ऐकून घ्यावयाच्या असतात. प्रथम सांगताना जीभ अडखळते. म्हणून काही जण ते आधी एखाद्या मित्रापाशी बोलून पाहतात, किंवा कागदावर लिहून तो कागद पुढे करितात. बियर्स ह्यांनी दोन्ही केले होते.

ह्या ठिकाणी आपल्या देशातील कायद्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण तो खेड्यांत फार थोड्यांस ठाऊक आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्याप्रमाणे कोणाही सज्ञान स्त्री-पुरुषास, मनोविकार जडल्यास आपल्यावर कसे उपचार व्हावे व कसे होऊ नयेत, हे आगाऊ लिहून ठेविता येते. तसेच आपल्या वतीने बोलावयास आपला विश्वासू मनुष्य नेमता येतो. ही नेमणूक साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून होते. मात्र तो मनुष्य सज्ञान व राजी असला पाहिजे. तो नातलगच असावा असे बंधन नाही. आगाऊ सूचनेची रीत नियमांत दिली आहे. ती सरकारी रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञास विचारावी. जीव धोक्यात असेल अशा तातडीच्या वेळी ही सूचना लागू होत नाही. ह्याच कायद्याने असेही ठरविले आहे, की ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला तो भारी मानसिक ताणाखाली होता असे धरावे, व त्यास शिक्षा न करिता सरकारने त्याची काळजी वाहावी. जो खटल्याचा बागुलबुवा बियर्स ह्यांच्या उशाशी दोन वर्षे बसला होता, तो आमच्या लोकांच्या उशाशी आता बसावयाचे कारण नाही.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. बियर्स ह्यांनी पुस्तक लिहून काढिले. प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स ह्यांनी ते हस्तलिखित वाचून १९०६ साली शिफारसपत्र दिले, व मार्च १९०८ मध्ये ते पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखकाने आपले नाव लपविले नाही. मी वेडा होतो, असे आपल्या सहीनिशी छापणे त्या काळी साधे नव्हते; अनेक हितचिंतकांनी नाव गाळावयास सुचविले असते तर नवल नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात कनेक्टिकटमध्ये, आणि १९०९ च्या फेब्रुवारीत साऱ्या राष्ट्रासाठी, मानसिक आरोग्याच्या मंडळ्या स्थापन झाल्या. मानसिक आरोग्य हे नाव त्या कार्यास सुचविले ते डॉक्टर अ‍ॅडॉल्फ मायर ह्यांनी. पुढे ह्या दोघांचे पटले नाही. बियर्स एकदा कामास लागले म्हणजे दुसऱ्याची गती त्यांस सोसत नसे, आणि पैशांच्या टंचाईने ते कर्जातही बुडाले. १९११ साली हेन्री फिप्स ह्या धनिकाने पन्नास हजार डॉलर दिले तेव्हा कार्याचा गाडा चालू लागला. १९१३ साली न्यू हेवन येथे, रुग्णालयात न ठेविता मनोविकारांवर औषधोपचार करणारा दवाखाना निघाला. त्या देशातील अशा पहिल्या दवाखान्यांत त्याची गणना होते. १९३० साली वॉशिंग्टन येथे ह्या विषयाची पहिली जागतिक परिषद भरली, तीस पन्नासांहून अधिक देशांतून लोक आले होते.

१९१२ साली त्यांनी क्लॅरा जेप्सन ह्या बाईंशी विवाह केला होता. घराण्यात मनोविकार पुष्कळ होता, म्हणून मूल होऊ द्यावयाचे नाही असे दोघांनी मिळून ठरविले. हा निश्चय योग्य होता की नव्हता ह्याविषयी मतभेद असू शकेल. परंतु तो विवाहाच्या दोन्ही बाजूंनी, आजार न लपविता, उघड बोलून झाला, एवढे खास. आमच्याकडे हाच आजार झाकून लग्न लावितात, आणि मुलीस तो सहा महिन्यांनी औषधाच्या पुड्या सापडल्यावर कळतो.

म्हातारपणी खिन्नता परत आली. तीस वर्षे इतरांस धीर दिलेल्या मनुष्यास ती टाळता आली नाही. हा आजार कित्येकांस आयुष्यभर साथ देतो, आणि तो परत आला म्हणून मधली वर्षे व्यर्थ गेली असे होत नाही. १९३९ साली काम सोडून बियर्स स्वतः होऊन ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरी बटलर रुग्णालयात दाखल झाले. तेथे ते चार वर्षे राहिले, आणि ९ जुलै १९४३ रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. १९०८ साली छापलेले त्यांचे पुस्तक तोपर्यंत अनेक वेळा पुन्हा छापून निघाले होते, आणि भावाच्या खिशातून निघालेल्या त्या पत्राची हकीकत प्रत्येक आवृत्तीत होती.